चमचाभर राळे

सोल्गोल, कान्दो
१९२१, तिसरा महिना

पंच प्योने आपल्या घरी येणारे राळे बंद केले, आणि तेही तुझ्यापायी. हे आधी ऐक, मग बाकीचं.

रविवारी प्रार्थना संपली आणि तो उभा राहिला. दाढी कुरवाळली. म्हणाला, "आपल्या बाया चुलीवर भांडं चढवताना घरच्या माणसामागे एकेक चमचा धान्य काढून मंडळीच्या रांजणात टाकतात. ते प्रभूच्या सेवकाला जगवण्यासाठी. लाल झेंड्याच्या सेवकाला नव्हे. आपले पाळक हाम दोग्यू रशियाच्या मुलखात समाजवाद्यांच्या सभेत भाषणं करतात. तेव्हा यापुढे त्यांच्या घरी रांजणातला दाणा जाणार नाही."

माझ्या नातवाची बातमी मला सगळ्यांच्या शेवटी, आणि ती पंचाच्या तोंडून. मी बसल्या जागेवरून विचारलं, "पंच, माझा नातू इथे होता तेव्हा रांजणातलं जास्त कोणी खाल्लं? त्याने, की त्याने वाटून दिलं त्यांनी?" बाया माना खाली घालून हसल्या. तुझ्या बायकोने माझी बाही ओढली. ओकबुनला वाटतं मी गप्प बसले तर घर तरेल. गप्प बसून कोणाचं तरलंय?

हल्ली प्रार्थना प्योच्या गोठ्यात भरते. जपानी सैनिकांनी चर्च जाळलं तेव्हापासून. गोठा त्याचा, म्हणून आवाजही त्याचाच.

आता खरं सांग. तू येशूला सोडलंस का? सोडलं असशील तर तसं लिही. तू ऐकवशील ते मी ऐकून घेईन, पण बैलांच्या शेपट्यांआडून ऐकायची माझी तयारी नाही.

दुसरं. तू गेलास तेव्हा ओकबुनच्या पोटात होती ती आता बसायला लागली. मुलगी आहे. नाव नाही. पलीकडच्या खोऱ्यातले पाळक बाप्तिस्मा द्यायला येणार होते, तर मंडळी म्हणते आधी बाप कोणत्या बाजूचा ते कळू दे. म्हणून सगळे तिला 'बाळी' म्हणतात. मलाही पन्नाशीपर्यंत नाव नव्हतं. आधी धाकटी, मग हामांची सून, मग तुझ्या बापाची आई. बाप्तिस्म्याला लुदिया झाले तेव्हा निम्मे दात पडले होते. पोरीलाही तेवढं थांबवणार आहेस?

मोजे पाठवलेत. मीठवाल्याकडून. वापर, कोणाला देऊन टाकू नकोस.

तुझा वाडगा रोज भरते. चुलीकडच्या गरम जमिनीवर, गोधडीखाली ठेवते. संध्याकाळी झाकण उचललं की आतून पाणी धरलेलं असतं. परमुलखातल्या माणसाच्या वाडग्याला पाणी धरलं की तो जिता. तू ह्याच्याविरुद्ध प्रवचन केलं होतंस ते आठवतं. मी पुढच्या ओळीत बसून ऐकलं होतं, आणि तरी रोज झाकण उचलते.

आजी


नवी वस्ती, व्लादिवोस्तोक
१९२१, चौथा महिना

प्रिय आजी,

मोजे मिळाले. एक जोड माझ्या पायात आहे, हे आधी सांगतो. दुसरी कोणाच्या पायात आहे ते विचारू नकोस.

येशूला मी सोडलं नाही. इथल्या गोदीत आपली माणसं पोती वाहतात, आणि रशियन मुकादमाच्या आधी आपलाच मुकादम त्यांना लुबाडतो. त्यांना मी सहा महिने स्वर्गाबद्दल सांगितलं. एकाने विचारलं, "पाळकबुवा, तिथेही मुकादम असतो का?" मला हसू आलं नाही. त्या रात्री शास्त्र पुन्हा उघडलं. पहिल्या शिष्यांनी आपापली जमीन विकली, सगळं एकत्र ठेवलं, ज्याला जे हवं ते त्याला दिलं. आम्हाला शिकवणाऱ्या गोऱ्या साहेबांनी ते पान कधी वाचून दाखवलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पुढचं पान मात्र भराभर उलटलं होतं.

मग मला तू आठवलीस. चुलीपुढे उकिडवी बसून, "हा दोग्यूचा, हा ओकबुनचा, हा माझा" म्हणत चमचे काढणारी. आजी, सभेत मी तेच सांगतो. सगळ्या कोरियाचा एक रांजण. ज्याच्या घरी भांडं चढतं त्याने चमचा टाकायचा, ज्याच्या घरी चढत नाही त्याने न्यायचा. पंच प्योंना सांग की मी समाजवाद त्यांच्याच गोठ्यातल्या रांजणातून शिकलो.

माझ्या शेजारी मिन इल्हान नावाचा एक कॉम्रेड झोपतो. देव मानत नाही. घोरतो मात्र असा, की देवालाही ऐकू जावं. तो म्हणतो, "तुझी आजी आमच्या पक्षात का नाही?" मी म्हटलं, आली तर पहिल्या दिवशी तुला तोंड धुवायला लावेल. तो रोज राळ्याची गोष्ट ऐकवायला लावतो. त्याला आजी नाही, आई नाही, कोणीच नाही.

लवकरच आम्ही उत्तरेला जातोय. आपल्या सगळ्या तुकड्या एका नदीकाठच्या गावात जमणार आहेत, लाल फौजेच्या छत्राखाली एक होऊन लढायला. त्यांना पाळक नाही. चेष्टा करतात, पण कोणी मेलं की मलाच हाक मारतात.

बाळीला मीच बाप्तिस्मा देणार. माझ्या हाताने. नाव मी ठरवलंय, पण ते तिच्या डोक्यावर पाणी घालतानाच उच्चारेन. बर्फ पडायच्या आत येतो. पंचांना राग येऊ देऊ नकोस.

आणि तो वाडगा बंद कर. राळे वाया जातात.

तुझा
दोग्यू


सोल्गोल
१९२१, पाचवा महिना

राळे वाया जात नाहीत. दुसऱ्या दिवशी ओकबुन खाते. दूध पाजणाऱ्या बाईला शिळं चालतं. तू पाळक आहेस, चुलीतलं मला शिकवू नकोस.

तुझं पत्र मी बोट ठेवून स्वतः वाचलं, आणि प्योच्या गोठ्यात गेले. तो बैलाला चारा घालत होता.

म्हटलं, "पंच, ऐका. माझा नातू म्हणतो त्याचा समाजवाद म्हणजे आपला रांजण."

"रांजण प्रभूचा आहे, लुदियाआजी."

"प्रभू राळे खातो?"

"आजी, तुमची जीभ—"

"जीभ राहू द्या. टाकताना आपण विचारतो का, कोणी किती टाकले? मग काढताना बाप कोण ते कशाला विचारता?"

त्याने चाऱ्याची पाटी खाली ठेवली. म्हणाला, "चर्चच्या आत माझा थोरला होता, हे विसरलात? ह्या गावात लाल माणसाचं घर आहे, एवढं कळायचा अवकाश, सैनिक पुन्हा येतील. मला राळ्यांची पडलेली नाही आजी. दोन पोरं उरलीत, त्यांची पडली आहे."

मी पाटी उचलून त्याच्या हातात दिली आणि वाद तिथेच सोडून घरी आले. असं फार वेळा होत नाही, म्हणून तुला कळवते.

दुसऱ्या दिवसापासून मात्र बाया पाण्याला जाताना वाकडी वाट करून आपल्या दारावरून जातात. लोणच्याच्या मडक्यांच्या झाकणांवर मूठ मूठ राळे सापडतात. कोणाचे, मी विचारत नाही. एकदा पायांचे ठसे बघितले. प्योच्या बायकोचा डावा पाय फेंगडा आहे.

आता तुझ्या सभेतल्या रांजणाबद्दल. मला पटलं नाही. आमचा रांजण चालतो कारण आम्ही एकमेकींना ओळखतो. जी टाकत नाही तिला पाणवठ्यावर टोमणा बसतो. एवढीच काय ती शिक्षा. ज्या दिवशी कोणी बंदूक घेऊन चुलीपाशी उभा राहील आणि म्हणेल काढ चमचा, त्या दिवशी त्यातलं एकही पोट भरणार नाही. तुझ्या सोबत्यांकडे बंदुका आहेत. म्हणून सांगितलं.

तुझा हट्ट मला नवा नाही. तू सोळाचा होतास, साहेबाच्या शाळेतून आलास आणि आजोबांच्या नावाची पूजेची पाटी चुलीत घातलीस. मेलेल्यांपुढे वाकणं पाप आहे म्हणालास. मी धुण्याच्या दांडक्याने तुला बडवलं. दांडकं मोडलं. टेकडीवरच्या थडग्यापाशी कान धरून नेलं, तरी तुझी कंबर वाकली नाही. सगळं गाव बघत होतं. पुढे मीच येशूकडे आले, ते तुझ्या प्रवचनाने नव्हे. तिथे बायांना अक्षरं शिकवत होते म्हणून.

तर असा तू. मला ठाऊक आहे तू ऐकणार नाहीस. तरी सांगते. घरी ये. नाव पत्रातच लिहून टाक. पोरगी रांगत चुलीपर्यंत जाते, तिला मागे बोलवायला काहीतरी हाक हवी.

आजी


१९२१, आठवा महिना

आजी,

बंदुकीबद्दल लिहिलेलं तुझं पत्र उशिरा मिळालं. आधी मिळालं असतं तरी मी हसलो असतो.

नदीकाठच्या त्या गावातल्या गोळीबाराची बातमी तिथे पोचली असेल. पोचली असेल ती खरी आहे. आपलेच होते, आजी. दोन्ही बाजूंना. एक तुकडी म्हणाली आम्ही खरे, दुसरी म्हणाली आम्ही. पहिली म्हणाली शस्त्रं खाली ठेवा, दुसरीने ठेवली नाहीत. मग लाल फौज आली, तिच्याबरोबर आपलीही माणसं होती. मी नदीच्या काठावर होतो. पाण्यात उडी घेतलेले ज्या भाषेत आईला हाका मारत होते, बंदूक धरलेले त्याच भाषेत एकमेकांना हुकूम देत होते.

मी पुरली ती माणसं कोणत्या बाजूची ते बघितलं नाही. प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं तर शब्द येईना. म्हणून नुसती नावं घेतली. ज्यांची ठाऊक होती त्यांची.

इल्हान लाल फौजेबरोबरच्या माणसांत होता. त्याच्या हातात बंदूक होती. नंतर तो माझ्यापाशी येऊन बसला. त्याने झाडली की नाही ते मी विचारलं नाही.

मी योग्य बाजूचा ठरलो आहे. म्हणजे मला जायला मोकळीक आहे. जे पकडले गेले त्यांना जंगलात लाकूड तोडायला पाठवतायत. आपलीच पोरं. कित्येकांना मीच इथवर आणलं, "एक रांजण" म्हणून. मी त्यांच्याबरोबर जातोय. घरी यायची वाट दक्षिणेला आहे, मला माहीत आहे.

पंच म्हणाले तसं झालं नाही, मी म्हणालो तसंही झालं नाही. तू म्हणालीस तसं झालं.

वाडगा भरतेस ना अजून? मागे बंद कर म्हणालो होतो. करू नकोस.

दोग्यू


सोल्गोल
१९२१, दहावा महिना

पत्राला उत्तर नाही म्हणून हे दुसरं. पहिल्यात शिव्या होत्या, ते हरवलं असेल तर बरंच झालं.

कोट पाठवतेय. आजोबांचा आहे, आत कापूस नवा भरला आहे. ओकबुनने आणि मी. तिची शिवण सरळ, माझी वाकडी. मीठवाला म्हणतो वरच्या वस्तीपर्यंत नेईन, पुढचं कोणी ना कोणी बघेल. त्या इल्हानला सांग, त्याने पोचवावा. एवढं तरी करावं.

बर्फ पडलं. तू आला नाहीस.

बाळीला पुढचे दात आले. वाडगा भरतेय. पाणी धरतं.

एक ओळ लिही.

आजी


१९२२, दुसरा महिना

परमपूज्य आजीच्या चरणी नातू दोग्यूचा साष्टांग प्रणाम.

इतके दिवस पत्र लिहिलं नाही ह्याची क्षमा असावी. थंडीने माझ्या बोटांना इजा झाली आहे, म्हणून माझा मित्र मिन इल्हान मी सांगतो तसं लिहून घेत आहे. अक्षर वेगळं दिसेल, काळजी करू नये. लाकडाच्या छावणीतून आम्ही सगळे सुटलो. माझी प्रकृती उत्तम आहे. खाणं पोटभर मिळतं. कोट मिळाला, फार ऊबदार आहे.

सध्या काम पुष्कळ असल्यामुळे यायला वेळ लागेल. ओकबुनने धीर धरावा. मुलीला माझी वाट बघत बिननावाची ठेवू नये. तिचं नाव हानसुल ठेवावं.

मी घरी आलो की घरात पाऊल टाकायच्या आधी टेकडीवर आजोबांच्या थडग्यापाशी जाईन. मद्याचा पेला ठेवीन आणि दोनदा जमिनीपर्यंत वाकून नमस्कार करीन. नातवाने एवढं करायलाच हवं. इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर माणसाला आपल्या पूर्वजांची किंमत कळते.

आपण प्रकृतीला जपावं.

आपला नातू
दोग्यू


सोल्गोल
१९२२, तिसरा महिना

मिन इल्हान, तुला धड खोटंही बोलता येत नाही.

बोटांना इजा, अक्षर वेगळं, इथपर्यंत ठीक होतं. मी मान डोलावत वाचत होते. मग तू त्याला थडग्यापुढे वाकवलंस. तुझ्या मते म्हातारीला ऐकवायला ह्याहून गोड काही नाही. दुसऱ्या कुठल्याही म्हातारीला तू फसवलं असतंस. माझा नातू पाळक झाला तेव्हा वाकला नाही, तुमच्यात आला तेव्हा तर अजिबात वाकणार नाही. त्याच्या पाठीवर मी दांडकं मोडलंय. ती कंबर जिवंतपणी वाकली नाही. ती आता वाकली, म्हणजे तो गेला, हे मला कळलं.

ओकबुनला अजून सांगितलेलं नाही. तिने तुझं पत्र घडी करून पोलक्यात ठेवलंय. म्हणाली, "बघा ना आजी, थडग्यापाशी जाणार म्हणतात. किती मऊ झालेत." मी म्हटलं, हो.

पंच प्योला सांगितलं. एकट्यालाच. तो गोठ्यात होता. म्हणाला, "पोरीला बाप्तिस्मा देऊ, लुदियाआजी. पलीकडच्या पाळकांना निरोप धाडतो." मी म्हटलं, "का? आता सैनिक यायचे नाहीत?" तो बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मेलेल्या बापाचा कोणाला धोका नसतो. तरी माझ्या तोंडून ते निघायला नको होतं. त्याचाही गेलाय. येताना त्याने रांजणातून पाटीभर राळे काढून दिले, सगळ्यांच्या देखत. मी घेतले. घरात तीन तोंडं आहेत, रुसून चालत नाही.

वाडगा आजही भरला. आजही झाकणाला पाणी धरलं. गरम राळ्यांवर झाकण ठेवलं की पाणी धरायचंच, खाली जिता असो की मेला. मी म्हातारी आहे, खुळी नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. उद्यापासून भरायचा की नाही ते मी ठरवेन, त्यात तू पडू नकोस.

कोट खरंच मिळाला असेल आणि त्याला घालता आला नसेल, तर तू घाल. टाकून देऊ नकोस, कापूस नवा आहे. खांद्यात तुला सैल होईल की तंग, मला ठाऊक नाही. मी तुला पाहिलेलं नाही. तू घोरतोस, आणि तुला कोणी नाही, एवढंच तुझ्याबद्दल लिहिलं होतं त्याने.

आणि हेही, की तुझ्या हातात बंदूक होती. झाडलीस का, ते मी विचारत नाही. त्याने विचारलं नाही, त्याच्या मागे मी विचारणार नाही. ते ओझं तुझं. ते माझ्या चुलीपाशी आणून ठेवू नकोस.

पण दोन गोष्टी तुला सांगाव्या लागतील.

एक. तो कुठे आहे. थंडीने गेला, तापाने गेला, झाड अंगावर पडून गेला. जे असेल ते, सरळ शब्दांत. मातीत कोणी घातलं, आणि तेव्हा कोणी त्याचं नुसतं नाव तरी घेतलं का. त्याने इतक्यांची घेतली होती.

दुसरी गोष्ट, नाव. हानसुल. एक चमचा. हे काय पोरीचं नाव आहे? कोणत्या घरात मुलीला चमचा म्हणतात? वाचलं आणि मला हसू आलं, म्हटलं असलं वेड्यासारखं नाव ह्या जगात एकालाच सुचेल. तेवढ्या एका ओळीपुरता तो जिवंत होता. मग वाटलं, तू त्याच्या शेजारी झोपायचास. राळ्यांची गोष्ट तू रोज ऐकलीस. पोरगी बिननावाची राहू नये म्हणून तुलाही ते सुचलं असेल. ज्याला थडग्याचं सुचलं त्याला हेही सुचेल.

त्याने तुला सांगितलं होतं का? शुद्धीत होता तेव्हा, की तापात बडबडला? की तू बनवलंस?

बनवलं असशील तर तसं लिही. मी रागावणार नाही. नाव वाईट नाही, चार दिवस तोंडात घोळवलं की बरं वाटतं. आम्ही तेच ठेवू. पण तिच्या डोक्यावर पाणी पडताना हे तिच्या बापाच्या तोंडचं, की एका परक्या माणसाने तिची कीव येऊन दिलेलं, हे मला माहीत हवं. मोठी झाली की ती मलाच विचारेल, आणि मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. तिच्याशी बोलायला माझ्याकडे फार वर्षं नाहीत.

बाप्तिस्मा मी थांबवून ठेवलाय. पंचाला सांगितलंय, उत्तर आल्याशिवाय पाणी गरम करू नका. तोवर ती बाळीच आहे. काल तिने रांजणाचं झाकण ओढून पाडलं, तर सगळ्या बाया एकदम ओरडल्या, "अगं बाळी!" आणि ती हसली.

उत्तर तू द्यायचंस. तुझ्या पक्षाने नाही, दुसऱ्या कोणा कॉम्रेडने नाही, आणि दोग्यूच्या नावाने तर मुळीच नाही. तुझ्या हाताने लिही, आणि खाली तुझंच नाव घाल, मिन इल्हान.